तोंडातील गाठ : भीती, निदान आणि उपचार

आपण दिवसभर सर्वांत अधिक राबवतो तो अवयव म्हणजे तोंड, आणि सर्वांत कमी निरखतो तोही तोच. सकाळच्या चहापासून रात्रीच्या गप्पांपर्यंत त्याला विश्रांती नसते. आरशापुढे उभे राहून आपण भांग काढतो, चेहऱ्यावरची पुटकुळी न्याहाळतो. परंतु तोंड उघडून आत काय आहे हे पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. म्हणूनच एखाद्या दिवशी जीभ सहज गालावरून फिरते, तिला गोळीसारखे काहीतरी लागते आणि मनात धस्स होते.

यानंतर बहुधा दोनांपैकी एक गोष्ट घडते. काही माणसे ‘हा कॅन्सरच’ असे मनाशी ठरवून टाकतात आणि भीतीपोटी घरातही बोलत नाहीत. काही माणसे ‘उष्णतेने आले असेल, जाईल’ म्हणून ती गाठ वर्ष-वर्ष तशीच वागवतात. वरवर पाहता या दोन वाटा अगदी विरुद्ध दिशांच्या. परंतु दोन्हींचा शेवट सारखाच. दोन्हींत गाठीचे निदान होत नाही.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. वैद्यकशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु गेल्या दोन वर्षांत आमच्या घरात दोघांना, आधी धाकट्या भावाला व नंतर आजीला, तोंडात गाठ आली. दोघांबरोबर दवाखान्यात जाण्याचे काम माझ्याकडे आले. तेथे जे पाहिले, डॉक्टरांना जे विचारले आणि त्या निमित्ताने पुढे जे वाचले, ते पिशोर परिसरातील माझ्या मित्रमैत्रिणींपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

गाठ ‘साधी’ म्हणजे काय?

आपण शेतकऱ्यांची मुले. तेव्हा शेताचाच दाखला घेऊ. साधी गाठ ही आपल्या बांधाच्या आत वाढणाऱ्या झाडासारखी असते. ती मोठी होईल, अडचण करील, शेजारच्या पिकावर सावलीही पाडील. पण बांध ओलांडणार नाही. कर्करोगाची गाठ मात्र बांध फोडून शेजारच्या शेतात घुसते, आणि तिचे बी वाऱ्यावर उडून दूरच्या शेतातही रुजते. शास्त्राच्या भाषेत सांगायचे तर साध्या गाठीतील पेशी आपल्या जागी राहतात; कर्करोगाच्या पेशी आसपासच्या भागात शिरतात आणि रक्त व लसिका यांच्या वाटेने मानेतील गाठींत, फुप्फुसात किंवा अन्यत्र जाऊन बसतात.

येथे आणखी एक भेद ध्यानात घ्यावा. तोंडातील प्रत्येक उंचवटा म्हणजे अर्बुद नव्हे. पुष्कळ गाठी सततच्या घर्षणाने वाढलेल्या मांसाच्या असतात, तर काहींत केवळ लाळ साचलेली असते. आपल्याकडे हा विषय नवा नाही. सुश्रुताने ओठ, हिरड्या, दात, जीभ, टाळू, कंठ आणि सर्व मुख अशी सात स्थाने मानून ६५ मुखरोग सांगितले आहेत. टाळूच्या अर्बुदाचा त्यात स्वतंत्र उल्लेख आहे.

काही वेळा तर गाठ नसतेच. जिभेच्या अगदी मागच्या भागात मोठे दाणे असतात. ते रुचीचे नैसर्गिक उंचवटे होत. वरच्या दाढांसमोर गालाच्या आत एक बारीक टोक लागते. ते लाळेच्या नळीचे तोंड. टाळूच्या मध्यभागी काहींना हाडासारखा टणक उंचवटा असतो, आणि तो खरोखरच हाडाचा असतो. त्याला उपचार लागत नाहीत. फार तर पुढे कवळी बसविताना त्याची अडचण होते. हे ठाऊक नसल्याने कित्येकांची झोप उडते.

नेहमी आढळणाऱ्या गाठी

माझ्या भावाच्या खालच्या ओठाच्या आत हरभऱ्याएवढा, निळसर झाक असलेला, मऊ फुगा आला होता. तो फुटे, चिकट पाणी येई, चार-आठ दिवस बरे वाटे आणि पुन्हा भरे. असे तीनदा झाले. ओठात लाळेच्या असंख्य बारीक ग्रंथी असतात. ओठ दाताखाली चावला गेला की एखादीची नळी तुटते व लाळ बाहेर न येता आतल्या आतच साचते. नुसता फुगा फोडून काही उपयोग होत नाही. कारण ग्रंथी शाबूत असते आणि ती आपले काम करीतच राहते. म्हणून फुग्याबरोबर ती इवलीशी ग्रंथीही काढावी लागते. भावाच्या ओठात भूल देण्याचे इंजेक्शन दिले, दोन-तीन टाके पडले आणि प्रकरण संपले. अशीच लाळ जिभेखाली साचली तर तेथे मोठा निळसर फुगा येतो. बेडकाच्या फुगलेल्या गळ्यासारखा दिसतो म्हणून त्याला लॅटिन भाषेत ‘छोटा बेडूक’ अशा अर्थाचे नाव पडले आहे. तेथेही दोष ग्रंथीत असल्याने बहुधा ती ग्रंथीच काढतात.

दुसरा प्रकार घर्षणाच्या गाठीचा. तुटलेल्या दाताची धार रोज गालाला लागते किंवा गाल वारंवार दाताखाली येतो. त्या जागी शरीर तंतूंचा थर चढवीत जाते. सतत खुरपे धरणाऱ्या हाताला घट्टा पडावा, तसाच हा प्रकार. गाठ गुळगुळीत, न दुखणारी, आसपासच्या त्वचेच्याच रंगाची असते. ढिल्या कवळीच्या कडेनेही हिरडीलगत मांसाच्या घड्या वाढतात. यात गाठ काढण्याइतकेच कारण काढणे महत्त्वाचे. दात घासून गुळगुळीत केला नाही किंवा कवळी बदलली नाही, तर काढलेली गाठ पुन्हा येते.

तिसरी गाठ लालभडक, मऊ आणि जरा धक्का लागताच भळभळ रक्त येणारी. ती बहुधा हिरडीवर येते. गर्भवती स्त्रियांत ती विशेष दिसते, कारण त्या काळातील अंतःस्रावांमुळे हिरड्या नाजूक झालेल्या असतात व दातांवरचे कीटण त्यात भर घालते. तिचे रूप पाहून घरची माणसे हादरतात; परंतु ही गाठ साधी असते आणि बाळंतपणानंतर पुष्कळदा आपोआप आकसते. तोवर दात स्वच्छ करून घेणे व हळुवार घासणे हाच मुख्य उपाय. फारच रक्त जात असेल तर गरोदरपणाच्या मधल्या तीन महिन्यांत ती काढणे सोयीचे मानतात.

याखेरीज फुलकोबीच्या तुऱ्यासारखी दिसणारी पांढुरकी चामखीळ, किडलेल्या दाताच्या मुळाशी हिरडीवर येणारी पुवाची पुळी, आणि रक्तवाहिन्यांच्या गुंत्याची जांभळट गाठ हे प्रकारही आढळतात. पुवाच्या पुळीत खरा रोग दाताच्या मुळाशी असतो. दाताचा इलाज झाला की पुळी जाते. रक्तवाहिन्यांची गाठ बोटाने दाबली असता फिकी पडते व सोडताच पुन्हा भरते. तिला न ओळखता कोणी चाकू लावला तर रक्त आवरणे कठीण होते. लहान मुलांतील अशा गाठींवर प्रोप्रॅनोलॉल हे रक्तदाबाचे जुने औषध गुणकारी ठरते, असे २००८ साली फ्रान्समधील डॉक्टरांच्या ध्यानात आले, आणि तेव्हापासून पुष्कळ बालकांची शस्त्रक्रिया टळली.

साधी, तरी निरुपद्रवी नव्हे

‘साधी’ या शब्दाने फसू नये, म्हणून दोन उदाहरणे देते. टाळूच्या बाजूला कधी कधी न दुखणारी, वर्षानुवर्षे संथपणे वाढणारी टणक गाठ येते. ती लाळग्रंथीचे अर्बुद असू शकते. ते साधे असले तरी भोवतालच्या थोड्या निरोगी भागासह पूर्ण काढावे लागते. शेतातील हरळीची एखादी मुळी राहिली की पावसाळ्यात पुन्हा सगळीकडे हरळी दिसते, तसेच हे होते. शिवाय फार वर्षे ठेवले तर त्याचे कर्करोगात रूपांतर होण्याचाही संभव असतो. दुसरे उदाहरण जबड्याच्या हाडातील अर्बुदाचे. दात घडविणाऱ्या पेशींपासून ते उद्भवते, बहुधा दुखत नाही. पण आतून हाड पोखरून जबडा फुगवते. एक्स-रेमध्ये ते पुष्कळदा साबणाच्या फुग्यांच्या पुंजक्यासारखे दिसते. ते सहसा दूरवर पसरत नाही. परंतु उशीर केला तर जबड्याचा मोठा भाग काढण्याची पाळी येते.

निदान कसे करतात?

डॉक्टर प्रथम प्रश्न विचारतात : गाठ केव्हापासून आहे, वाढते आहे की कमी-जास्त होते, दुखते का, रक्त येते का, तंबाखू-सुपारीची सवय आहे का? मग चांगल्या उजेडात जागा, रंग व आकार पाहतात. हातमोजा घालून बोटाने चाचपतात. गाठ मऊ आहे की टणक, हलते की तळाशी घट्ट बसली आहे, हे स्पर्शानेच कळते. मानेतील गाठीही तपासतात. दात किंवा हाडाचा संशय असल्यास एक्स-रे काढतात. गाठीत द्रव असेल तर सुईने थोडा ओढून पाहतात. एवढ्यावरून अनुभवी डॉक्टरांचा अंदाज पुष्कळदा बरोबर येतो. तरीही तो अंदाजच असतो. गाठीचे खरे नाव सूक्ष्मदर्शक सांगतो.

यासाठी गाठीचा तुकडा तपासतात. त्यालाच बायॉप्सी म्हणतात. गाठ लहान असेल तर ती सबंध काढून पाठवितात, म्हणजे निदान आणि उपचार एकदमच होतात. मोठी किंवा संशयास्पद असेल तर आधी छोटा तुकडा घेतात. तो फॉर्मॅलिनच्या द्रावणात ठेवून प्रयोगशाळेत जातो. तेथे मेणात बसवून त्याचे इतके पातळ काप काढतात की, एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यांतील चार-पाच भागांएवढीच त्यांची जाडी भरावी. मग ते रंगवितात. पेशीचे केंद्र निळे-जांभळे करणारा रंग मूळचा मध्य अमेरिकेतील एका झाडाच्या लाकडापासून मिळतो. उरलेला भाग दुसऱ्या रंगाने गुलाबी होतो. पेशी आपल्या ओळीत शिस्तीने उभ्या आहेत, की ओळ मोडून खाली घुसल्या आहेत, हे तेव्हा दिसते. मघाशी सांगितलेला बांध शाबूत आहे की फुटला, हे पाहण्याची जागा हीच.

म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. गाठ कोठेही काढली तरी ती फेकून देऊ नये, तपासणीस पाठवावी आणि अहवालाचा कागद जपून ठेवावा. ‘साधीच दिसत होती’ हे काही निदान नव्हे.

आजीची गाठ

आजीच्या गालाच्या आत सुपारीएवढी गाठ होती. किती दिवसांची, हे तिलाही सांगता येईना. तिने ती लपविली होती. जेवताना ती एकाच बाजूने चावते, हे आईच्या ध्यानात आल्यामुळे उलगडा झाला. दवाखान्याचे नाव काढताच ती म्हणाली, “आगं माय, सुरी लागली का गाठ पसरती म्हंत्यात. मी पिकलं पान. आज नाय तं उद्या गळायचंच. कशाला पैशाची नासाडी?” शेजारच्या एका बाईंनी घोड्याच्या शेपटीचा केस बांधायला सांगितले, दुसऱ्या कोणी चुना आणि धुण्याचा सोडा लावायला. चुना-सोड्याने तोंडातील नाजूक त्वचा भाजते व जखमेमुळे मूळ गाठीचे रूपही ओळखेनासे होते. केसाने बांधलेली गाठ गळून पडलीच, तरी तिचा तळ आत राहतो आणि तपासायला हाती काहीच उरत नाही.

चार दिवसांच्या आर्जवांनंतर आजी एस.टी.त बसली. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी, छत्रपती संभाजीनगरला, १९८२ पासून शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. खेड्यापाड्यांतील रुग्णांना अशा कामासाठी तेथे जाता येते. तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी आजीची शंका हसण्यावारी नेली नाही. त्या म्हणाल्या, “आजी, सुरीने गाठ पसरत नाही. लोक फार उशिरा येतात, तोवर रोग पसरलेला असतो, आणि दोष मात्र सुरीवर येतो.” मला वाटते, या गैरसमजाचे याहून नेमके उत्तर नाही.

गाठ घर्षणाची निघाली. वरची तुटकी दाढ रोज गालाला टोचत होती. पण तपासताना डॉक्टरबाईंना आणखी काही दिसले. खालच्या ओठाच्या आत, हिरडीलगत, जेथे आजीची मिश्री वर्षानुवर्षे साचत होती, तेथे बोटाने पुसून न जाणारा पांढरा चट्टा होता. त्याला वेदना नव्हती, उंचवटा नव्हता. म्हणून आजीला तो ठाऊकही नव्हता. दोन्ही ठिकाणचे तुकडे तपासणीस गेले. अहवाल येईपर्यंतचे ते दिवस घरात कोणी मोठ्याने बोलले नाही. गाठीचा अहवाल निर्धोक आला. चट्ट्याचा अहवाल असा की कर्करोग नाही, परंतु पेशींची घडी थोडी बिघडू लागली आहे. पन्नास वर्षांची मिश्री आजीने त्या दिवशी सोडली. पहिला महिना तिला फार जड गेला. चिडचिड झाली, भूक गेली. आता दर तीन महिन्यांनी तिला दाखवावे लागते. चट्टा फिका पडत चालला आहे.

जी गाठ सर्वांना भीती दाखवीत होती ती निरुपद्रवी होती, आणि जिचा कोणाला पत्ता नव्हता ती जागा धोक्याची होती. केवळ डोळ्यांनी पाहून वा भीतीच्या मापाने निदान होत नाही, हे मला तेथे कळले.

केव्हा उशीर करू नये?

पुढील लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर डॉक्टरांना दाखविलेच पाहिजे : न भरणारी जखम; पांढरा किंवा लाल चट्टा; टणक व तळाशी घट्ट बसलेली गाठ; वारंवार येणारे रक्त; ओठ वा जीभ बधिर होणे; कारण नसता दात हलणे; मानेत गाठ येणे. न दुखणे हे सुरक्षिततेचे लक्षण मानू नये. तोंडाचा कर्करोग आरंभी बहुधा दुखतच नाही.

तोंड हळूहळू कमी उघडू लागणे हेही एक गंभीर लक्षण आहे. सुपारीमुळे तोंडातील त्वचेखालचा भाग ताठर होत जातो. मुंबईचे डॉ. जोशी यांनी १९५३ साली आपल्या देशातील या विकाराचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. आज तो विशी-पंचविशीतल्या तरुणांतही दिसतो. आपली तीन बोटे उभी करून तोंडात जातात का, ही त्याची सोपी पारख. राज्य शासनाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. परंतु सवय कायद्याने सुटत नाही, ती सोडणाऱ्यालाच सोडावी लागते.

महाराष्ट्रातील खेड्यांनी या शास्त्राला मोठी मदत केली आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता, डेन्मार्कचे डॉ. पिंडबोर्ग व त्यांचे सहकारी यांनी आपल्या राज्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून १९७२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तंबाखूच्या सवयी आणि तोंडातील कर्करोगपूर्व चट्टे यांचा संबंध अशा पाहण्यांतून स्पष्ट होत गेला. पुढे केरळात, तिरुवनंतपुरम जिल्ह्यात, प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी वस्त्यांवर जाऊन केवळ डोळ्यांनी व बोटांनी तोंडे तपासली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तंबाखू किंवा मद्य घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने कमी आढळले. यासाठी मोठी यंत्रे लागली नाहीत. उजेड, आरसा आणि पाहणारी नजर पुरली.

आपण काय करू शकतो?

महिन्यातून एकदा, चूळ भरून, सूर्यप्रकाशात आरसा घेऊन उभे राहावे. कवळी असल्यास काढून ठेवावी. ओठ उलटून पाहावेत. गाल ताणून दोन्ही बाजू पाहाव्यात. जीभ बाहेर काढून तिच्या कडा आणि मग जीभ टाळूला लावून तिचा तळ पाहावा. हिरड्या, टाळू पाहावेत आणि स्वच्छ बोट सर्वत्र फिरवावे. याला पाच मिनिटे पुरतात. संशय आला तर गावातील सरकारी दवाखान्यात दाखवावे. तेथून पुढे कोठे जायचे ते सांगतात. दुर्दैवाने कर्करोग निघालाच तर जिल्ह्याच्याच ठिकाणी शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. पैशाच्या भीतीने घरी बसण्याचे कारण नाही.

आपल्या महाविद्यालयांतून राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे होतात. आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्याच शिबिरात एक दिवस दंतवैद्यांना बोलावून गावातील आयाबायांची, विशेषतः मिश्री लावणाऱ्यांची, तोंडे तपासून घेता येतील. माणसे आपल्या शेतातील कापसाच्या पानावरचा ठिपका लांबून ओळखतात, मक्याच्या पोंग्यातील अळी शोधून काढतात. तीच पारखी नजर स्वतःच्या तोंडाकडे वळावी, एवढेच हवे आहे. सुट्टीत घरी जाल तेव्हा आपल्या आजी-आजोबांना उन्हात बसवा आणि म्हणा, “जरा आ करा पाहू.” पुष्कळदा काहीच निघणार नाही. निघालेच, तर ते वेळेत निघाले असेल.